आलेला कागद वाचायचा नाही

झेरॉक्सच्या धंद्यात एक नियम आहे. नागपूरच्या महाल भागातल्या ज्या दुकानात मी काम शिकलो, तिथल्या काकांनी तो मला पहिल्याच दिवशी सांगितला. "पोट्ट्या, कागद घ्याचा, काचेवर उलटा ठेवाचा, परत द्याचा. वाचाचा नाही." लोक आपल्याकडे काय काय घेऊन येतात! घटस्फोटाची नोटीस, वडिलांचं मृत्युपत्र, बायकोपासून लपवलेलं कर्जाचं पत्र, रिपोर्ट. ते वाचायला लागलो तर संध्याकाळी त्याच माणसाला चहाच्या टपरीवर "काय म्हणता भाऊ" कसं म्हणणार? आता मानेवाडा रोडवर, तुकडोजी पुतळ्याच्या अलीकडे माझं स्वतःचं दुकान आहे. चौदा वर्षं हा नियम पाळला. 2024 च्या पोळ्यानंतर तो जड जायला लागला, आणि एकदा तर मी तो चक्क मोडला.

पोरगी तेव्हा दुसरीत होती. शाळा घरापासून पायी दहा मिनिटं, मराठी माध्यमाची, अनुदानित. नाव लिहीत नाही. वर्गात 41 लेकरं. तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लेकरांच्या लाकडी बैलांच्या सणाची, सुट्टी झाली, बुधवारी शाळा उघडली आणि बाई आल्या नाहीत. पोरगी त्या दिवशी तिचा चाकांचा लाकडी बैल दप्तरात कोंबून घेऊन गेली होती. बाईंनीच सांगितलं होतं, सगळ्यांनी बैल आणा, ओळीत उभे करू आणि पाय मोजू. म्हणजे चारचा पाढा, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मी म्हटलं होतं, शाळेत बैल कायले नेतं? संध्याकाळी बैल तसाच परत आला. एक शिंग तेवढं मोडलं होतं.

"बाई आल्याच नाही. आम्हाले तिसरीच्या वर्गात बसवलं."

आधी आठ दिवस म्हणाले. मग गणपती उठल्यावर. मग दसरा झाल्यावर. मग "दिवाळीनंतर नक्की". तिसरीची 38 आणि आमची 41, एका खोलीत 79 लेकरं. बाकावर तिघं-तिघं, उरलेली खाली सतरंजीवर. तिसरीच्या बाई एका फळ्याचे खडूने दोन भाग करायच्या, डावीकडे तिसरी आणि उजवीकडे दुसरी. पोरगी डावीकडचंही उतरवून आणायची. का, तर "लिहिलेलं होतं म्हणून".

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. प्राथमिकला तीस लेकरांमागे एक शिक्षक, पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास शिकवणं झालं पाहिजे, असं त्याच्या परिशिष्टात छापलेलं आहे. मला हे कसं माहीत? एका वकील साहेबांनी अख्खा कायदा माझ्याकडून स्पायरल करून नेला होता. तो मी वाचला. कायदा सार्वजनिक असतो, आमच्या नियमात बसतो.

ऑक्टोबरात आम्ही सहा-सात पालक मोठ्या बाईंना भेटायला गेलो. त्यांनी चहा मागवला, पंखा लावला आणि सरळ सांगितलं, "जागा रिकामी असती तर मागणी तरी केली असती. जागेवर नाव आहे, पगार आहे, माणूस तेवढं नाही. मी तरी कोणाले आणू?" त्यांच्याकडे स्वतःकडे चौथीचे दोन तास होते. माझा राग तिथेच अर्धा झाला. बाकीच्यांचा नाही झाला.

आणि मग तो ग्रुप. 'दुसरी ब पालक'. एरवी त्यावर गृहपाठाचे फोटो, सुप्रभात आणि कोणाची तरी हरवलेली पाण्याची बाटली. आता रोज नवी बातमी. बाईंनी बेसाकडे प्लॉटिंगचा धंदा टाकला. बाई मुलाकडे बंगलोरला गेल्या, नातवंडाचं करायला. मेडिकल रजा काय, लिहून देणारा डॉक्टर शोधला की झालं. "सरकारी पगार आहे बाप्पा, बसून खा!" या शेवटच्या वाक्यावर मी हसणारा चेहरा टाकला होता. तो अजून तिथे आहे. मागे जाऊन पाहिला तर दिसतो.

त्यानंतर दोन दिवसांनी बाईंचे मिस्टर दुकानात आले.

मी त्यांना ओळखत नव्हतो. पिशवीतून एक गठ्ठा काढला, म्हणाले, प्रत्येकी तीन. बिल मंजुरीसाठी द्यायचे होते. वरच्याच पानावर बाईंचं नाव. नाव दिसणं वेगळं आणि वाचणं वेगळं, असं मी मनाला सांगितलं. गठ्ठा फीडरमध्ये लावता आला असता तर बरं झालं असतं, मान वर करून रस्त्याकडे पाहत राहिलो असतो. पण पानं स्टेपल केलेली, कोपरे दुमडलेले, काही कार्बनची पिवळी. एकेक पान हाताने काचेवर ठेवावं लागलं. 34 पानं. एकेक पान सरळ करून ठेवताना डोळे कुठे नेणार?

त्यात काय होतं ते इथे लिहिणार नाही. हे लिहिण्याआधी मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा नं. पण आजार माझा आहे, तो माझ्याजवळच राहू द्या." एवढंच सांगतो की प्लॉटिंग नव्हतं.

102 प्रतींचे 204 रुपये झाले. पैसे घेऊ नये असं वाटलं. पण नसते घेतले तर त्या माणसाला कळलं असतं की मी वाचलंय. म्हणून 200 घेतले, रोज कोणाकडूनही वरचे चार सोडून घेतो तसेच. त्यांनी प्रती मोजल्या, पिशवीत घातल्या आणि म्हणाले, "तुमची मुलगी बाईंच्याच वर्गात आहे नं? आमची ही म्हणते, झेरॉक्सवाल्या भाऊंकडेच जा." म्हणजे बाईंना माहीत होतं आपण कोणाच्या काचेवर काय ठेवतोय. मी नुसतं "हो जी" म्हटलं.

ग्रुपवर मी नंतर काहीच लिहिलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही. रात्री ती फोन पाहत म्हणायची, "बाई काही येत नाही आता. तुम्हाले काय वाटते?" मी म्हणायचो, "येतील." "कशावरून?" कशावरून ते सांगता येत नव्हतं. गप्प बसलो म्हणून मी काही मोठा सभ्य ठरत नाही. लोक एका आजारी बाईला रोज सोलत होते, आणि "असं बोलू नका" एवढं म्हणायला तर कोणाचा कागद वाचायची गरज नव्हती. तेही मी म्हटलं नाही. गिऱ्हाईक तुटेल, दुसरं काय.

घरी मी शिकवायला बसलो. बारावीपर्यंत गणितात मी बरा होतो, दुसरीचं काय अवघड, असा माझा समज. पोरीला म्हटलं, लिही त्रेसष्ट. तिने लिहिलं 36. लिही अठ्ठेचाळीस. तिने लिहिलं 84. मी ओरडलो. ती पेन्सिलचं टोक चावत बसली.

आता यात माझीच एक जुनी फजिती आहे. जून 2019 मध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं, त्यात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत दिली होती. अख्ख्या महाराष्ट्राने तेव्हा टिंगल केली. 'पन्नास दोन'चे विनोद मी स्वतः पुढे पाठवलेत, दोन-चार मोठ्या अक्षरांत छापून दुकानात लावलेही होते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्या तेव्हा शांतपणे सांगत होत्या की आपण बोलताना आधी एकक म्हणतो आणि लिहिताना आधी दशक लिहितो, त्यात लहान लेकरं गोंधळतात, वर जोडाक्षरं. कोण ऐकतो! पाच वर्षांनी माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, पोरीने 'त्रेसष्ट' ऐकलं, आधी तीन ऐकू आले म्हणून आधी तीन लिहिले. मी म्हटलं, बरं, साठ तीन लिही. तिने झटकन 63 लिहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की, असं सांगा नं मग.

मग आली हातच्याची वजाबाकी. 63 वजा 28. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून शेजाऱ्याकडून एक उसना घे, मला माझ्या गुरुजींनी असंच शिकवलं. ती मान डोलवायची. कळलं? हो. काही विचारायचं आहे? नाही. आणि उत्तर 45. दुसऱ्या दिवशी पुन्हा 45. मोठ्यातून लहान वजा करून मोकळी. मी विचारलं, अगं कळलं नाही तर सांगत काऊन नाही? ती गप्प. मला वाटलं, पोरगी गणितात कच्ची आहे. तसं मी एकदा तिच्यासमोर बोललोही.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली. तिसरीच्या बाई आधी प्रशिक्षणाला, मग 20 तारखेच्या मतदानाच्या ड्युटीवर. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती एवढ्याच कामांना शिक्षकांना नेता येतं असं कायद्यात आहे, म्हणजे हे नियमातच होतं. पण तेवढे दिवस त्या 79 लेकरांना शिपाईमामांनी सांभाळलं. मामांनी त्यांना बसवून मारबतीची, म्हणजे पोळ्यानंतर मिरवणूक काढून जाळतात त्या पुतळ्याची, गोष्ट सांगितली, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडून घेतलं. पोरगी म्हणाली, पूर्ण वर्षातला तो सगळ्यात भारी दिवस.

दरम्यान ज्याला जसं जमेल तसं चाललं होतं. काहींनी ट्यूशन लावली. एकीच्या घरी पाचवीतला भाऊच मास्तर झाला. आणि माझ्या दुकानात संध्याकाळी सात ते आठ एक शाळाच भरायला लागली. ती मी काही ठरवून काढली नाही. अजनीच्या लोकोशेडमधून रिटायर झालेले एक आजोबा नातवाला घेऊन झेरॉक्सला आले, पाऊस लागला म्हणून थांबले, नातू आणि माझी पोरगी ए-फोरच्या खोक्यांवर बसून भांडायला लागली, आजोबांनी दोघांना कागद देऊन बेरजा घातल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं. दिवाळीनंतर सहा-सात लेकरं खोक्यांवर बसलेली. गिऱ्हाईक म्हणायचं, भाऊ, एक रिम द्या. मी म्हणायचो, ऊठ रे बेटा, तुझ्याखालची काढू दे.

आजोबा घरून रेघांच्या फुलस्केपवर सुंदर अक्षरात गणितं लिहून आणायचे, एका पानावर अकरा. मी त्याच्या प्रती काढायचो आणि सकाळी तिसरीच्या बाईंकडे पूर्ण वर्गासाठी पोचवायचो. कागद माझा, अक्षर आजोबांचं. ही व्यवस्था तीन महिने चालली. हिशेब मी ठेवला नाही, बायकोने ठेवलाय.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं. अधिवेशन म्हणजे आमच्या धंद्याला बरकत, गावोगावचे लोक मोर्चे घेऊन येतात आणि जो तो निवेदनाच्या प्रती काढतो. त्या वाऱ्यावर आमच्या ग्रुपलाही निवेदन सुचलं. दोघं जण पेन ड्राइव्ह घेऊन आले. शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने होतं, खाली सह्यांचे रकाने. मी स्क्रीनवर उघडलं. टायपिंगच्या चुका पाहायला वाचावंच लागतं. 'सदर शिक्षिका खोट्या कारणाने रजेवर असून त्यांच्यावर कठोर कारवाई करण्यात यावी.'

मी म्हटलं, टोनर संपलाय, उद्या या.

टोनर संपला नव्हता. शेजारी खोक्यावर आजोबा बसले होते. त्यांनी पाहिलं की मशीनवर हिरवा दिवा आहे. ते काही बोलले नाहीत. रात्री लेकरं गेल्यावर म्हणाले, "तो कागद दाखव बरं." वाचला, चष्मा काढला. "खोटं कारण आहे हे यांना कोणी सांगितलं?" मी म्हटलं, कोणी नाही. "तुला खरं माहीत आहे?" मी म्हटलं, आजोबा, माझा धंदा झेरॉक्सचा आहे. त्यांनी जास्त विचारलं नाही. पेन काढून ते वाक्य आडवं खोडलं आणि वर लिहिलं, 'बाई बऱ्या होऊन येईपर्यंत वर्गाला तात्पुरती शिक्षिका मिळावी.' सकाळी दोघं आले तेव्हा आजोबा आधीच हजर. काय बोलले मला माहीत नाही, मी मुद्दाम आत लॅमिनेशन करत होतो. निवेदन नव्या वाक्यासह गेलं. पोच मिळाली, उत्तर नाही. जानेवारीत संस्थेनेच डी.एड. झालेली एक मुलगी तीन आठवड्यांसाठी पाठवली. चांगली होती बिचारी.

पण त्याआधी, निवेदन गेलं त्याच आठवड्यात, बाईंचे मिस्टर पुन्हा आले. या वेळी एक किल्ली आणि एक दोनशे पानी वही. किल्ली वर्गातल्या कपाटाची. पोळ्याच्या सुट्टीआधी बाई ती पर्समध्ये टाकून घरी गेल्या, आणि कपाट चार महिने बंद. "ही शाळेत द्या म्हणते. आणि वहीच्या सुरुवातीच्या पाच पानांच्या दोन प्रती, एक तिसरीच्या बाईंना, एक मोठ्या बाईंना."

वहीत हजेरी क्रमांक घालून ओळी होत्या. प्रत्येक लेकराची एक, कोणाच्या दोन. पाच पानं, 41 लेकरं. मिस्टर बाहेर फोनवर बोलत होते. मी वही काचेवर उलटी ठेवण्याआधी सतरा नंबर शोधला.

'17. अडलं तर विचारत नाही. चालता चालता विचारते.'

नळावर पाणी प्यायला जाताना, सुटल्यावर फाटकापर्यंत, प्रार्थनेहून वर्गाकडे येताना बाईंनी हे टिपलं असणार. दोन महिन्यांत. मी तिचा बाप, रोज समोर बसवून विचारत होतो. बाकीच्या ओळींपैकी तीन-चार नजरेत आल्या. त्या इथे लिहिणार नाही, त्या ज्यांच्या त्यांच्या घरच्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ॲक्टिव्हा काढली नाही. पोरगी म्हणाली, पेट्रोल संपलं? म्हटलं, हो. पायी निघालो. कोपऱ्यावरचं पोह्याचं दुकान गेलं, तर्रीचा वास गेला, मेडिकल स्टोअर गेलं. ती फरशीच्या रेघांवर पाय न देता चालत होती. पाण्याच्या टाकीजवळ आल्यावर खाली पाहतच म्हणाली,

"बाबा, तो उसना घेतलेला परत कधी द्याचा?"

"कोणता?"

"वजाबाकीतला. शेजाऱ्याकडून घेतो तो. तुम्ही म्हणता उसना घेतलेलं परत करा लागते. पण गणित संपून जाते, आपण देतच नाही. म्हणून मी घेतच नाही."

मी रस्त्यातच थांबलो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, बाई काय म्हणायच्या?

"बाई उसना नाही म्हणत. बाई म्हणतात, गठ्ठा सोडा."

किल्ली माझ्याच खिशात होती. तिसरीच्या बाईंसोबत कपाट उघडलं. आत एक पत्र्याचा डबा, त्यात खराट्याच्या काड्या, बोटभर लांबीच्या सारख्या कापलेल्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून. रबरं चार महिन्यांत वाळून काही तुटली होती, काड्या मोकळ्या झाल्या होत्या. पोरीने सहा गठ्ठे आणि तीन काड्या काढल्या. एका गठ्ठ्याचं रबर सोडलं, त्या दहा तीनात मिसळल्या, आठ बाजूला केल्या, मग दोन गठ्ठे उचलले. "पस्तीस," म्हणाली. मग जरा थांबून, "तीस पाच."

बाई 27 जानेवारीला, सोमवारी आल्या. हातात काठी होती, ओढणी डोक्यावरून घेतलेली. ग्रुपवर त्या दिवशी एवढी फुलं आणि हात जोडलेले चेहरे आले की मोजू नये. पोरगी मोडक्या शिंगाचा बैल घेऊन गेली. तो मी फेव्हिक्विकने चिकटवला होता, जरा वाकडा.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी बाई स्वतः दुकानात आल्या. खोक्यावर बसल्या, पाणी प्यायल्या. आजोबांच्या गणितांचा गठ्ठा त्यांनी वर्गात पाहिला होता, चांगला आहे म्हणाल्या, अजून काढा. मग एक पान उजेडात धरलं.

"भाऊ, खालचं एक कटलंय. प्रत्येक पानावर दहाच दिसतात. अकराव्याचा नुसता वरचा भाग आला आहे."

फुलस्केपवरून ए-फोरवर काढायचं तर 90 टक्के ठेवावं लागतं. चौदा वर्षं हेच करतोय. आणि तीन महिने शंभर टक्क्यांवर काढत होतो, कारण एकदाही पान सरळ करून पाहिलं नव्हतं. मी पोरीकडे पाहिलं. ती मशीनमागे लपली.

"तुले माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं," ती म्हणाली. "एक गणित कमी येत होतं, म्हणून कोणीच नाही सांगितलं."